सात पावलांचं गवत

आमच्या साडूंइतका जुना माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा नसेल. आधारकार्डावर वय बहात्तर लिहिलेलं आहे, पण त्यावर जाऊ नये. राहू गावाच्या अलीकडे ओढ्याकाठी आमचं प्रेसबिटेरियन चर्च आहे, गावात त्याला सगळे देऊळच म्हणतात. दीडशे वर्षांपूर्वी त्या देवळाचा पाया खणला, तेव्हा आमचे साडू तिथं हजर होते. त्याच्याही आधी स्कॉटलंडचा मिशनरी साहेब तट्टावर बसून पहिल्यांदा त्या माळावर आला, तेव्हाही होते. निदान ते सांगतात तरी तसंच. "आम्ही तंबू ठोकला तवा पाऊस नव्हता, वारं व्हतं," असं सुरू करतात. "एक खुंटी ठोकावी तर दुसरी उपटायची. साहेबाला मराठी बोलता येत व्हतं, पर आपलं बोलणं त्याला कळत नव्हतं. शेवटाला आम्हीच म्हणलं, साहेब, ऱ्हाऊ द्या तंबू, खळ्यावर बसू. पहिली उपासना खळ्यावर झाली." मग पाटलानं साहेबाला माळ कसा दिला ते येतं. "निस्ता मुरूम हुता. कुसळसुदिक धड येत नव्हतं, म्हणून दिला. आम्ही हीर खणली, पाणी लागलं, आन् पाटलाच्या घरात तीन दिस कुणाला जेवान गेलं न्हाई." एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्या पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, हे ऐकलं आणि भारावून जाऊन विचारलं, "आजोबा, आपलं वय काय?" साडू म्हणाले, "बहात्तर सरतंय." पाळकांनी आदरानं मान डोलावली. वजाबाकी करायचं त्यांना सुचलं नाही. ते कुणालाच सुचत नाही आणि माझं सगळं दुःख तिथंच आहे.

कारण मी इतिहासाचा मास्तर. शिरूरच्या एका हायस्कुलात पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो की पुरावा नसेल तर तो इतिहास नव्हे, ती गोष्ट झाली. निवृत्त झाल्यावर या मंडळीचा इतिहास लिहायला घेतला. मंडळी म्हणजे आमच्यात चर्चचे सभासद. घरात अकरा फायली आहेत, लाल नाडीनं बांधलेल्या. मोडी वाचता येते. जुने नकाशे, बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या झेरॉक्स, साहेबानं मायदेशी पाठवलेल्या पत्रांचं भाषांतर, काय नाही माझ्याकडे? आणि तरीही देवळात कुणाला काही जुनं विचारायचं असलं की तो माझ्यासमोरून, मला "सलाम, सर" करून, सरळ चिंचेखाली बसलेल्या साडूंकडे जातो. ते कागद बघत नाहीत. त्यांच्याकडे कागदच नाही. ते डोळे मिटतात आणि सांगतात, "आम्ही तवा..."

त्या 'आम्ही'चा मला जितका हेवा वाटला, तितका कुणाच्या बंगल्याचा किंवा बागायतीचा वाटला नाही. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. दर दोन-तीन वर्षांनी बदली. माझा जन्म एका गावचा, बाप्तिस्मा दुसऱ्या गावचा, शाळा तिसऱ्या गावची आणि नोकरी शिरूरची. या मंडळीत मी आलो तो जावई म्हणून. माझी बायको धाकटी, साडूंची थोरली, म्हणजे जावईपणातही माझा नंबर दुसरा. कुठल्याही गावाच्या कुठल्याही मातीकडे बोट दाखवून मला 'आम्ही' म्हणता येत नाही. फार तर 'ते' म्हणता येतं, आणि खाली तळटीप देता येते.

साडूंच्या एकेक सवयी म्हणजे बघण्यासारख्या. देवळाच्या जमिनीचं त्यांना वेडच आहे. स्वतःचा मोबाइल नंबर त्यांना पाठ नाही, पण वेशीपासून देवळाच्या पायरीपर्यंत किती पावलं, ते झोपेतून उठवून विचारा. "दोनशे चौदा," म्हणतात, आणि वर, "नव्या चपलेत दोनशे अकरा." देवळाच्या आवारातून बाहेर पडताना ते कोपऱ्यातल्या दगडावर दोन्ही चपला ठाक ठाक आपटतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, विंचू-बिंचू असेल. विचारलं तर म्हणाले, "मंडळीची माती हाय गुर्जी, घरी कशाला न्यायाची?" आवारातली चिंच ते खात नाहीत. खाली पडलेलीसुद्धा उचलत नाहीत. एकदा मेहुणीबाईंनी आमटीत टाकायला चिंचेची चार बुटुकं वेचून आणली, तर यांनी ताटावरून उठून ती झाडाखाली नेऊन ठेवली आणि मग येऊन बिनचिंचेची आमटी जेवले. त्यांची शेळी एकदा देवळाच्या गवतात शिरली होती, तेव्हा शेळीला कानाला धरून पाळकांच्या दारात उभं केलं आणि "पोटात गेलंय ते काई काढता येत न्हाई, साहेब," म्हणून माफी मागितली. पाळक नवीन होते. त्यांनी शेळीला माफ केलं. लोक हे सगळं ऐकून हसतात आणि म्हणतात, "आप्पा म्हंजी आप्पाच." मी पस्तीस वर्षं खडू झिजवला, पण "सर म्हंजी सरच" असं कुणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

पण सगळ्यांत मोठी सवय म्हणजे फेरी. आमच्या प्रेसबिटेरियन पद्धतीत बिशप वगैरे नसतो, मंडळीनं निवडलेले वडील, म्हणजे एल्डर, कारभार बघतात, आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, तीन महिन्यांतून एका रविवारी होतं. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे पेले घेऊन वडील बाकाबाकापाशी येतात. ताट पहिल्या बाकाशी आलं की आमचे साडू उठतात. टोपी काखेत मारतात, काठी घेतात आणि मागच्या दारानं बाहेर पडतात. देवळाच्या जमिनीच्या चारही शिवा पायी फिरून ते परत येतात, तोवर शेवटचं गीत चालू झालेलं असतं. त्यांच्या वडिलांचीही हीच सवय होती म्हणतात, त्यामुळे या गोष्टीचं गावाला काही वाटत नाही. कुणी पाळकानं विचारलंच तर, "शीव बघून येतो, उगं आपलं," एवढंच उत्तर. त्यांच्या मुलीला बघायला तळेगाव ढमढेऱ्याहून पाहुणे आले, तो नेमका असा रविवार होता. पाहुणे उपासनेला बसलेले, आणि मुलीचा बाप मधूनच उठून चालता झाला. मुलाच्या वडिलांना वाटलं, स्थळ पसंत नाही. ते घाबरून मागं गेले. तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोघं एक अक्षर न बोलता चालले, आणि तिथं मुलाचे वडील धापा टाकत म्हणाले, "आमच्याकडून पक्कं समजा." मेहुणीबाई अजून म्हणतात, एवढ्या कमी बोलण्यात जमलेलं लग्न दुसरं नसेल.

मीही एकदा त्यांच्याबरोबर फेरीला गेलो होतो, अर्थात प्रभुभोजन झाल्यावर, वेगळ्या दिवशी, हातात नकाशाची झेरॉक्स घेऊन. पूर्वेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट, पश्चिमेला गुऱ्हाळाकडचा बांध, सगळं बरोबर. उत्तरेला मात्र साडू चुकले. उत्तरेला, ओढ्याकडच्या टोकाला, त्यांचं स्वतःचं रान लागून आहे, मध्ये बांध आहे. बांधावरून चालायचं सोडून ते बांध ओलांडून सात पावलं आत, आपल्याच रानातून चालत राहिले. मी मास्तरी सुरात म्हणालो, "आप्पा, बांध इकडं आहे." "व्हय, दिसतोय की," म्हणाले, आणि तसेच चालले. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला आनंदानं सांगितलं की तुझ्या भाऊजींना हद्द कळत नाही. त्यांच्या रानात त्या बांधाकडेला सात पावलं रुंदीचा पट्टा नुसता गवताचा आहे. बाकी रानात ऊस उभा, आणि त्या पट्ट्यात कधी नांगर नाही. ट्रॅक्टरवाला दरवर्षी ओरडतो, "आप्पा, एवढी जागा वाया घालवताय व्हय?" आप्पा काठीनं रेघ मारतात आणि म्हणतात, "हितून माघारी वळव." मला हा सगळा देखावा वाटायचा. राहू बेटात, म्हणजे नदीकाठच्या या बागायती पट्ट्यात, लोक सरीभर जमिनीसाठी भावाशी अबोला धरतात, तिथं हा गृहस्थ एवढा पट्टा गवताला सोडतो आणि वर चपलेची माती झटकतो, हे मला मोठेपणा मिरवण्याचं लक्षण वाटायचं.

मग मंडळीच्या दीडशे वर्षांच्या सोहळ्याची कमिटी बसली. माझं पुस्तक तयार होतं. मला वाटलं, सोहळ्याच्या दिवशी व्यासपीठावरून इतिहास मी सांगणार. बायकोनं माझा काळा कोट उन्हात घातलासुद्धा. कमिटीत पाळकसाहेब म्हणाले, "इतिहास आप्पा सांगतील. लोकांना ते आवडतं. सरांचं पुस्तक आपण अल्पोपाहारासोबत देऊ." म्हणजे हातात चिवड्याची पिशवी आणि वर माझी पाच वर्षं. कुणीतरी समजूत काढली, "सर, लिवल्यालं कुठं जातंय? वाचतील निवांत." मी हसलो. हसताना दात किती आवळलेले होते ते मलाच ठाऊक. त्या रात्रीपासून मला एकच ध्यास लागला, हा माणूस एकदा तरी खोटा ठरला पाहिजे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

आणि परमेश्वर माझ्यासारख्याचंही ऐकतो. देवळाच्या मागच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती, तिच्या तळाला वडीलमंडळाच्या सभांची सगळ्यांत जुनी वही सापडली. अर्धी वाळवीनं खाल्लेली. मी ती चार दिवस भिंग लावून वाचत होतो. त्यात एका सभेची नोंद निघाली. साडूंच्या पणजोबांचं नाव, तेव्हा मंडळीतले वडील. त्यांनी उत्तरेच्या कोपऱ्याचा हद्दीचा दगड पाडला, बांध कोरला, मंडळीची सात पावलं जमीन आपल्या रानात ओढून तिच्यात बाजरी पेरली. म्हणून त्यांना वडीलपणातून काढलं आहे, आणि तो दगड उभा करीपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येत आहे. मी ती नोंद तीनदा वाचली. मग उठून एक कप चहा करून प्यालो, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. 'आम्ही हीर खणली' म्हणणाऱ्यांनी बांधही कोरला होता तर! पुढचं पान उलटलं, ते पान नव्हतंच, वाळवीनं केलेली जाळी होती. मला पुढच्या पानाची गरजही वाटली नाही. नोंदीची झेरॉक्स काढली, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि ती कुठल्या मुहूर्तावर वाचावी याचा विचार करत बसलो.

मुहूर्त चालून आला. सोहळ्याआधी जमिनीला भिंत घालायची ठरली होती, त्यासाठी सरकारी मोजणी लागली. दौंडहून मोजणीसाहेब आले, पंचविशीतले, काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन. अर्धी मंडळी जमा झालेली. मी शिरूरहून स्कूटरवर गेलो, खिशात कागद. पूर्व-दक्षिण, दक्षिण-पश्चिम, पश्चिम-उत्तर, तिन्ही कोपऱ्यांचे जुने दगड जागेवर मिळाले. चौथा मिळेना. जुन्या नकाशाची नेमकी तीच घडी फाटलेली. साहेबांनी बांधावर उभं राहून विचारलं, "इकडं मालक कोण?" साडू म्हणाले, "मीच." "बांध जुनाच आहे ना? मग वहिवाटीप्रमाणे हाच धरतो. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, नंतर चालणार नाही." पाळकांनी मान हलवली. सगळ्यांनी मान हलवली. आप्पांच्या बांधावर कोण हरकत घेणार? साहेब पंचनाम्याचा कागद काढू लागले.

मी खिशात हात घातला. हीच ती वेळ. सगळी मंडळी समोर, सरकारी माणूस हजर, पुरावा हातात. कागद उघडला आणि लक्षात आलं की चष्मा स्कूटरच्या डिकीत राहिलाय. पस्तीस वर्षांत मी विनाचष्मा एक ओळ वाचलेली नाही. "एक मिनिट, साहेब," म्हणून मी लगबगीनं स्कूटरकडे गेलो. डिकी नेहमीप्रमाणे अडकली. ती उघडून चष्मा लावून मागं वळलो, तर माणसं बांधावर नव्हतीच. साडू बांध ओलांडून त्या गवताच्या पट्ट्यात शिरले होते, आणि सगळी मंडळी त्यांच्या मागं.

ते पावलं मोजत चालत होते. सातव्या पावलाला थांबले, काठी गवतात टेकली आणि म्हणाले, "हितं खणा." दोघांनी कुदळ मारली. हातभर खाली खण्णकन वाजलं. माती सारली तर आडवा पडलेला काळा दगड, बाकीच्या तिन्हींसारखाच, वर छिन्नीनं कोरलेला छोटा क्रूस. साहेब चकित झाले. "आजोबा, तुम्हाला कसं माहीत?"

"आम्हीच पाडला व्हता," साडू म्हणाले.

"कधी?"

"पहिल्या साहेबाच्या टायमाला. रातच्यात न्हाई, चांगलं दिवसाउजेडी पाडला. वर माती ओढली आन् बांध तिकडं घातला. त्या वर्षी बाजरी लई जोरात आली हुती. हाव सुटली आमाला." मग डोक्यावरची टोपी काढून ते मंडळीकडे वळले. "चूक झाली आमची. हद्द हितून धरा, साहेब. बांध खोटा हाय."

मोजणीसाहेबांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही. आप्पा 'आम्ही' कसं म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. विहीर खणणारा, तंबू ठोकणारा, खळ्यावर बसणारा तोच 'आम्ही' आता उन्हात टोपी काढून उभा होता. मी पस्तीस वर्षं त्या शब्दाला हसलो होतो. मला वाटायचं, हा माणूस पूर्वजांची पुण्याई फुकट अंगावर घालून फिरतो. तो त्यांचं पापही त्याच शब्दात उचलेल, हे माझ्या अकरा फायलींत कुठं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला हेवाच वाटला. माझा पुरावा खिशात राहिला आणि त्यांनी तोंडानं सांगून टाकलं, हा एक. पण त्याहून वाईट म्हणजे मला त्यांच्या पापाचाही हेवा वाटला. माझ्या पूर्वजांनी कुणाचा बांध कोरला असेल तर तो कुठल्या गावचा, हे मला कोण सांगणार? चोरी करायलासुद्धा आधी शेजारी जमीन असावी लागते.

माणसं पांगल्यावर साडू चिंचेखाली बसले. मला हाक मारली. "गुर्जी, खिशात काय हाय?"

"काही नाही."

"सकाळधरनं चारदा हात गेलाय तिथं."

मी कागद काढून दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत माझ्याकडे दिला. "वाचा." मी वाचलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. राग नव्हता. मला वाटलं होतं ते विचारतील, हा कुठं सापडला, कुणाला दाखवणार होता. त्यांनी एवढंच विचारलं, "आन् फुडं?"

"पुढचं पान वाळवीनं खाल्लंय."

"समदं?"

"सगळं."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "आजा सांगायचा, पणज्यानं दुसऱ्याच दिशी नांगर सोडला. त्या पट्ट्यात परत दाणा टाकला न्हाई. पर दगड उभा करायचा म्हंजी चार माणसं लागत्यात. चार माणसांना बोलवायचं म्हंजी त्यांना सांगाय पायजे. त्ये काय त्याला झालं न्हाई. त्यानं आज्याला सांगितलं, नांगर घालू नगंस, दर प्रभुभोजनाला खऱ्या हद्दीवरनं फेरी मार, आन् हद्द कुठली ह्ये कुणी इचारलं तर खरं सांग. आज्यानं बाला सांगितलं. बानं मला."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुणी इचारलंच न्हाई."

ते अगदी साधेपणानं म्हणाले. मग काठीनं मातीत रेघ ओढत राहिले. "ताट बाकाशी आलं का वाटतंय, वहीत अजून आमचं नाव हाय. परत घेतलं का न्हाई, ठावं न्हाई. मंग कसा हात लावायचा? म्हणलं होतं, तुमी एवढं वाचताय, कवातरी तुमाला घावल. पर वाळवीनं खाल्लं म्हंजी आता कळायचंच न्हाई."

तेव्हा मला कळलं की या माणसानं आयुष्यात एकदाही प्रभुभोजन घेतलेलं नाही. त्यांच्या वडिलांनी नाही, आजोबांनीही नाही. सगळं गाव त्यांच्या फेरीचं कौतुक करत होतं, मी तिच्यावर जळत होतो, आणि हे तिघं पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर चालत होते. आणि इतक्या सगळ्या माणसांत त्यांची आशा कुणावर, तर माझ्या फायलींवर.

मी कागदाची घडी केली. पुरावा नसेल तर तो इतिहास नव्हे, हे मी किती वर्गांना घोकायला लावलं असेल त्याला गणती नाही. मी म्हणालो, "आम्ही परत घेतलं होतं तुम्हाला, आप्पा."

त्यांनी डोळे उघडले. "कवा?"

"पुढच्याच प्रभुभोजनाला. नांगर सोडलेला पाहिला आम्ही. दगडाचं मग कुणी काढलं नाही."

"तुमी व्हता तिथं?"

"होतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कुठला, कुणाचा, या गावात कधी आलो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या लग्नात त्यांनीच मला वेशीपासून देवळापर्यंत आणलं होतं, पावलं मोजत.

"पाऊस व्हता का तवा?" त्यांनी विचारलं.

"नव्हता," मी म्हणालो. "वारं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "वारंच व्हतं." आणि टोपी डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी दगड उभा केला. चार माणसं लागली, त्यांतला एक मी. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला ताट पहिल्या बाकाशी आलं तेव्हा सवयीनं साऱ्या माना मागच्या दाराकडे वळल्या. साडू उठले नाहीत. माझ्या शेजारी बसून होते. ताट समोर आलं तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला. पलीकडे बायकांच्या बाकावर मेहुणीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. सोहळ्याच्या दिवशी इतिहास त्यांनीच सांगितला, तासभर, एक कागद न बघता. तंबू, खळं, विहीर, आणि मग दगडही सांगितला, न लपवता. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आन् तवा आमचे ह्ये साडू वडील व्हते. त्यांनी आमाला परत घेतलं." सगळ्या मंडळीनं मान डोलावली. वजाबाकी कुणी केली नाही. माझं पुस्तक ठरल्याप्रमाणे चिवड्याबरोबर वाटलं गेलं. त्या नोंदीचं पान मी त्यात छापलेलं नाही. लोक घरी जाताना साडूंभोवतीच उभे होते, आणि मी हातात पुस्तकांचा उरलेला गठ्ठा घेऊन बघत होतो. जळलोच थोडासा. ती खोड आता जायची नाही.

साडूंचा गुडघा हल्ली त्रास देतो. फेरी बंद झाली आहे आणि तिची आता गरजही नाही. पट्ट्यात मंडळीनं लिंबाची रोपं लावली आहेत. पण तीन महिन्यांनी तो रविवार आला की मला चुकल्यासारखं होतं, म्हणून उपासना संपल्यावर मी एकटाच शिवांवरून चालून येतो. उत्तरेच्या दगडावर चपला आपटतो. परत येतो तेव्हा ते चिंचेखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात.

"किती पावलं भरली?" विचारतात.

मी आकडा सांगतो. "चुकली," ते म्हणतात. दर वेळी चुकतात. त्यांचा बरोबर आकडा किती, हे मी कितीदा विचारलं, वही काढून विचारलं, पण ते सांगत नाहीत. "चालत ऱ्हा, घावल," म्हणतात, आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवतात.